बाळंतपणाच्या फाइलीवरची एक ओळ

प्रश्न : माझे माहेर तासगाव तालुक्यात आणि सासर खटाव तालुक्यात आहे. मला सातवा महिना चालू असून पहिल्या बाळंतपणासाठी पुढच्या महिन्यात मी माहेरी जाणार आहे. माझ्या धाकट्या भावाला नऊ वर्षांचा असताना न्यूमोनिया झाला होता. आठ-दहा दिवस इंजेक्शने चालली, तो बरा होऊन घरी आला आणि थोड्याच दिवसांत त्याला ऐकू येईनासे झाले. आईलाही चाळिशीनंतर कमी ऐकू येते, पण तिला तशी इंजेक्शने कधी दिल्याचे कोणाला आठवत नाही. भावाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्याची पुण्याच्या प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतली. अहवालात ‘एमटी-आरएनआर१ जनुक, १५५५ या स्थानी ए ऐवजी जी, होमोप्लाझमिक’ असे आले. माझ्या तपासणीतही तेच निघाले. आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी, म्हणून नात्यातल्या लग्नामुळे हे झाले असे सर्व जण बोलतात. मुलीकडच्यांनी बोलणी थांबवली आहेत. सासूबाई बाळाची पोटातच तपासणी करून घ्या म्हणतात. आई तर सगळा दोष स्वतःकडे घेऊन बसली आहे. जत येथे माझी मावशी असून तिला दोन मुली व एक मुलगा आहे. त्यांना हे कळवावे की नाही, यावर घरात एकमत नाही. माझे बाळ कर्णबधिर होईल का? आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. तुमच्या बाळात हा बदल असणार, हे गृहीत धरूनच चालावे. परंतु त्यामुळे बाळ कर्णबधिर होईल, असे ठरत नाही. हा बदल असलेल्या माणसाच्या कानांना सर्वांत मोठा धोका असतो तो अमिनोग्लायकोसाइड गटातील प्रतिजैविकांचा, म्हणजे जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन, टोब्रामायसिन या औषधांचा. आणि ही औषधे टाळणे बहुतेक वेळा शक्य असते. तुमच्या भावावर उपचार झाले तेव्हा ही माहिती ना घरच्यांकडे होती ना डॉक्टरांकडे. तुमच्या बाळाच्या बाबतीत ती जन्माआधी दोन महिने हाती आली आहे आणि तिचा उपयोग कसा करायचा, हेच मला तुम्हाला मुख्यतः सांगायचे आहे.

त्याआधी अहवालाचा अर्थ थोडक्यात समजून घ्या, कारण घरातील बरेचसे गैरसमज तो अर्थ न कळल्यामुळे निर्माण झालेले आहेत. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा एक छोटासा डीएनए असतो. डीएनएची लिपी ए, टी, जी, सी या चार अक्षरांची असते. या छोट्या डीएनएत १६,५६९ अक्षरजोड्या आणि ३७ जनुके आहेत. त्यांपैकी १३ जनुकांवरून तयार होणारी प्रथिने तंतुकणिकेच्या आतच बनतात आणि ती बनवण्यासाठी तंतुकणिकेजवळ स्वतःचे रायबोसोम, म्हणजे प्रथिने जुळवणारी सूक्ष्म यंत्रे असतात. या रायबोसोममधील सुमारे ८० प्रथिने पेशीच्या केंद्रकातील जनुकांवरून बनून बाहेरून आत येतात, परंतु त्याचा गाभा असलेले दोन आरएनए तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएवरूनच तयार होतात. त्यांतील लहान आरएनएचे, म्हणजे १२एस आरएनएचे, जनुक म्हणजे तुमच्या अहवालातील एमटी-आरएनआर१. ते अवघे ९५४ अक्षरांचे असून त्यातील एक अक्षर तुमच्या कुटुंबात बदललेले आहे.

एका अक्षराने एवढा फरक का पडावा, याचे उत्तर फार जुन्या नात्यात आहे. तंतुकणिकांचे पूर्वज एके काळी स्वतंत्र जगणारे जिवाणू होते, त्यामुळे त्यांच्या रायबोसोमची घडण आजही जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतीजुळती आहे. अमिनोग्लायकोसाइड औषधे जिवाणूच्या रायबोसोममध्ये जेथे प्रथिनाचा संदेश वाचला जातो, नेमक्या त्या जागी बसतात. संदेश चुकीचा वाचला जातो आणि जिवाणू मरतो. माणसाच्या तंतुकणिकेत ती जागा थोडी वेगळी असल्यामुळे तेथे औषध सहसा घट्ट बसत नाही. मात्र १५५५ या स्थानी ए जाऊन जी आला की त्याची समोरच्या १४९४ या स्थानावरील सी शी जोडी जुळते, तेवढ्याने त्या जागेची ठेवण जिवाणूसारखी होते आणि औषध तेथे बसू लागते. त्यातून हे औषध अंतर्कर्णात शिरले की रक्तातून उतरल्यावरही तेथे बराच काळ रेंगाळते. तेथील केशपेशींना, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींना, ऊर्जेची सतत गरज असते, आणि माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

आईच्या बाजूने चालत आलेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या बहिरेपणाची कुटुंबे चीनमधील डॉक्टरांनी नोंदवली होती. अशी तीन चिनी कुटुंबे आणि एक अरब-इस्रायली कुटुंब यांच्या अभ्यासातून १९९३ मध्ये या बदलाचा शोध लागला. अरब-इस्रायली कुटुंबात तर औषध न घेताही बहिरेपणा आलेला होता, त्यामुळे तुमच्या आईचे उदाहरण जगावेगळे नाही. या औषधांची मात्रा जास्त झाल्यास कोणाच्याही कानांवर परिणाम होऊ शकतो. परंतु हा बदल असलेल्यांमध्ये योग्य मात्रा देऊनही आणि रक्तातील पातळी मर्यादेत राहूनही कान जाऊ शकतात. म्हणून ‘मात्रा बघून देऊ’ एवढ्या आश्वासनावर समाधान मानू नका.

औषध न देताही कान जाण्याची शक्यता किती, हे कुटुंबागणिक फार बदलते. ब्रिटनमधील ब्रिस्टल परिसरातील ९,००० हून अधिक मुलांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधारण ५०० मुलांमागे एकात हा बदल आढळला आणि त्यांतील ज्यांच्या श्रवणचाचण्यांच्या नोंदी मिळाल्या, ती मुले सात ते नऊ वर्षांच्या वयात नीट ऐकत होती. उलट काही घराण्यांत तिशी-चाळिशीपासून ऐकणे कमी होत जाते. केंद्रकातील इतर काही जनुकांचाही यावर प्रभाव पडतो. तुमच्याच घरात पाहा: आईला औषध न घेता चाळिशीनंतर थोडे कमी ऐकू येऊ लागले, भावाचे कान इंजेक्शनांनंतर काही दिवसांत गेले आणि तुम्हाला व्यवस्थित ऐकू येते, तिघांत बदल मात्र एकच आहे.

सासूबाईंची सूचना काळजीपोटीच आलेली आहे, हे मला समजते. तरीही पोटातील तपासणीची आवश्यकता नाही, असे त्यांना अवश्य सांगा. होमोप्लाझमिक याचा अर्थ तुमच्या तपासलेल्या पेशींतील तंतुकणिकांच्या डीएनएच्या सर्वच प्रतींमध्ये हा बदल आहे, आणि बाळाला तंतुकणिका केवळ तुमच्याकडूनच मिळतात. ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे ते पुन्हा विचारण्यासाठी पोटात सुई घालून गर्भजल काढण्याचा धोका, तो थोडा असला तरी, पत्करण्यात अर्थ नाही. मँचेस्टर येथे नवजात बाळाच्या गालाच्या आतील बाजूस बोळा फिरवून साधारण २६ मिनिटांत हा बदल ओळखणारी चाचणी तयार झाली असून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात ७५१ बाळांपैकी तिघांत तो सापडला आणि तिघांनाही ही औषधे टाळता आली. ज्यांच्या घराण्याचा इतिहास ठाऊक नाही अशा बाळांसाठी ती चाचणी मोलाची आहे. तुमच्या बाळाला तिचीही गरज नाही. ‘बदल आहे’ असे मानूनच त्याचे उपचार ठरवायचे.

आता मुख्य कामाकडे वळू या. नवजात बाळाला जंतुसंसर्गाची शंका आली की अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी पहिल्या पसंतीची म्हणून जगभर वापरली जाते, आणि ती योग्यच आहे. आपल्याकडे आजारी तान्ह्या बाळाला वरच्या रुग्णालयात पाठवण्याआधी उपकेंद्रातील नर्सबाईंनीही जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यावे, अशी तरतूद आहे. म्हणजे अगदी सरळ हेतूने, नियमाप्रमाणे आणि घाईच्या वेळी हे औषध तुमच्या बाळापर्यंत पोहोचू शकते. शिवाय तुमच्या स्वतःच्या कानांचा विचार घरात कोणी केलेला दिसत नाही. गरोदरपणात लघवीच्या मार्गाचा संसर्ग झाला किंवा सिझेरियन करावे लागले, तर तुम्हालाही जेंटामायसिन किंवा अमिकासिन दिले जाण्याची शक्यता असते. ही औषधे वारेतून बाळापर्यंत जातात, म्हणून जपणूक आजपासूनच सुरू व्हायला हवी.

तुमची तपासणी आतापर्यंत सासरी झाली आणि बाळंतपण माहेरी होणार; त्यामुळे कागदपत्रे दोन ठिकाणी विभागलेली असणार आणि खरी अडचण येथेच होते. सासरच्या डॉक्टरांना तोंडी सांगितलेले माहेरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही, आणि प्रसूतितज्ज्ञांना सांगितलेले बालरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून माता व बाल संरक्षण कार्डावर आणि दोन्ही ठिकाणच्या फाइलींवर, आतल्या पानावर नव्हे तर बाहेरच्या पुठ्ठ्यावर, लाल शाईने ठळक लिहून घ्या: ‘या मातेस व बाळास एमटी-आरएनआर१ जनुकातील १५५५ हा बदल आहे. जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन, टोब्रामायसिन, कॅनामायसिन, निओमायसिन देऊ नये. पर्यायी प्रतिजैविक वापरावे.’ औषधांची नावे इंग्रजी लिपीतही लिहा, कारण औषधाच्या कुप्यांवर आणि केसपेपरवर ती तशीच असतात. पुठ्ठ्याच्या आत अहवालाची छायाप्रत टाचून ठेवा. तुमच्या आशाताईंना आणि उपकेंद्रातील नर्सबाईंना कार्ड प्रत्यक्ष दाखवा.

आणखी एक प्रत बाळाच्या वडिलांच्या किंवा तुमच्या वडिलांच्या खिशात असू द्या. हे सांगण्याचे कारण असे की बाळ जन्मताच रडले नाही किंवा त्याला धाप लागली तर त्याला मिरजेला हलवण्याची वेळ येऊ शकते. त्या वेळी तुम्ही प्रसूतिकक्षात असाल, तुमची फाइल तुमच्या उशाशी असेल आणि बाळासोबत रुग्णवाहिकेत दुसरेच कोणी बसलेले असेल. शिशू अतिदक्षता कक्षाच्या दारात नर्सबाई बाळाचे वजन आणि जन्मवेळ विचारतात, तेव्हाच त्या माणसाने हा कागद पुढे करायचा. सेफोटॅक्सिमसारखे पर्याय उपलब्ध आहेत आणि त्यांतील कोणता निवडायचा ते बालरोगतज्ज्ञ ठरवतील. मात्र एक गोष्ट घरातील सर्वांच्या मनात पक्की असावी. संसर्ग जीवघेणा असेल आणि डॉक्टरांनी विचार करून ‘याच औषधाशिवाय इलाज नाही’ असे सांगितले, तर ते देऊ द्यावे. या बदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही असेच सांगतात. कानांच्या भीतीने उपचार अडवून धरणे हे बाळावर अन्याय करणारे होईल.

औषधांच्या नावांवरून घोटाळा होऊ नये, म्हणून येथे थोडे खुलासेवार लिहितो. नावाच्या शेवटी ‘मायसिन’ आहे एवढ्यावरून औषध या गटातील ठरत नाही. अॅझिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन ही निराळ्या गटांतील असून या बदलामुळे ती टाळण्याचे कारण नाही. उलट घरोघरी असणाऱ्या सोफ्रामायसिन मलमातील फ्रॅमायसेटिन हे मात्र याच गटातील आहे. खरचटलेल्या जागी बोटभर मलम लागले म्हणून घाबरून जाऊ नका. परंतु मोठ्या भाजलेल्या जखमेवर ते थापू नका, आणि कान फुटलेला असताना जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब कानात घालू नका. दुकानातून परस्पर औषध आणण्याची सवय तुमच्या घरातून आता कायमची जायला हवी.

बाळाच्या श्रवणचाचणीबाबत दिरंगाई करू नका. घरी येण्याआधी, किंवा निदान पहिल्या महिन्यात, ओएई ही कानांची प्राथमिक चाचणी करून घ्या. तीत शंका आली तर तीन महिन्यांच्या आत बेरा ही श्रवणाची अधिक सखोल चाचणी आणि दोष निश्चित झाला तर सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व उपचार सुरू व्हावेत, असा संकेत आहे. पहिली चाचणी चांगली आली तरी तेवढ्यावर थांबू नका. बोलणे नीट येईपर्यंत सहा-सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी व्हावी. या प्रकारात उंच पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे भांडे पडले की मूल दचकते, दार वाजले की वळून पाहते आणि घरच्यांना वाटते की याला सगळे ऐकू येते. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत आणि मग बोलणे उशिरा व अस्पष्ट येते. मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयांतील कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही श्रवणदोषाची तपासणी समाविष्ट आहे. तुम्ही स्वतःचाही ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणाचा आलेख, आत्ताच काढून ठेवा, म्हणजे पुढे तुलना करता येईल. गणपतीच्या आणि लग्नाच्या मिरवणुकांत डॉल्बीच्या भिंतीसमोर तुम्ही किंवा बाळाने उभे राहू नये, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या कानांना आधीच धोका आहे त्यांच्यावर हा जादा भार नको.

तुमच्या भावाच्या लग्नाविषयी मला फार वाईट वाटले, कारण येथे निव्वळ गैरसमजातून एक चांगले स्थळ हातचे जाऊ पाहत आहे. आपल्याकडे आडनाव जसे वडिलांकडून मुलांना मिळते आणि मुलीकडून पुढच्या पिढीत जात नाही, त्याच्या नेमके उलट तंतुकणिकांच्या डीएनएचे असते. तो आईकडून मुलगा आणि मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे फक्त मुलगीच देते. तुमच्या भावाच्या मुलांना तंतुकणिका त्यांच्या आईकडून, म्हणजे तुमच्या होणाऱ्या भावजयीकडून येतील. त्याचा हा बदल त्याच्याबरोबरच थांबेल. मुलीकडच्यांशी पुन्हा बोलताना अहवाल लपवू नका. तो सोबत घेऊन एखाद्या जनुकीय समुपदेशकाकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे दोन्ही घरच्यांनी एकत्र बसावे आणि हे त्यांच्या तोंडून ऐकावे. भावाने स्वतःसाठी कॉक्लियर इम्प्लांटचीही, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राचीही, चौकशी करावी. या बदलात केशपेशी जातात, श्रवणाची नस बहुधा शाबूत राहते, आणि हे यंत्र त्या नसेलाच थेट संदेश देत असल्यामुळे अशा रुग्णांत त्याचा चांगला उपयोग झालेला आहे. नऊ वर्षांपर्यंत तो ऐकत-बोलत होता, ही त्याच्या बाजूची गोष्ट आहे. मधली वर्षे बरीच गेल्यामुळे लाभ किती होईल ते मात्र तपासणीनंतरच सांगता येईल.

ज्या डॉक्टरांनी त्याला तेव्हा इंजेक्शने दिली त्यांच्याबद्दल मनात राग ठेवू नका, असेही मला सुचवावेसे वाटते. नऊ वर्षांच्या मुलाचा न्यूमोनिया जीवघेणा ठरू शकतो आणि हा बदल बाहेरून दिसत नाही.

नात्यातल्या लग्नाचा या बदलाशी काहीही संबंध नाही. सातारा-सांगलीकडे मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे, आणि ज्या आजारांत आई व वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक यावे लागते, त्यांचा धोका अशा लग्नात वाढतो, हे खरे आहे. तंतुकणिकांच्या प्रथिननिर्मितीशी संबंधित असे काही आजारही आहेत, कारण त्या रायबोसोमची प्रथिने केंद्रकातील जनुकांवरून बनतात. तुमचा बदल मात्र त्या प्रकारचा नाही. तुमच्या आईला तो तिच्या आईकडून, म्हणजे तुमच्या आजीकडून आला. वडिलांशी असलेले नाते आईच्या वडिलांच्या बाजूचे आहे आणि त्या बाजूने हा डीएनए येतच नाही. आईचे लग्न पूर्णपणे परक्या घरात झाले असते तरी तुम्हा भावंडांत हा बदल असताच.

तुमच्या आईला हे पत्र वाचून दाखवा आणि गरज पडली तर दोनदा दाखवा. तिला हा बदल मिळाला तेव्हा तिला कोणी विचारले नव्हते, आणि तिच्या आईलाही नव्हते. असंख्य पिढ्यांपूर्वी कधीतरी एक अक्षर बदलले आणि ते निमूटपणे पुढे आले. एवढी वर्षे कमी ऐकू येत असूनही तिने स्वतःच्या कानांची तपासणी केलेली दिसत नाही. तुमच्या चाचणीच्या दिवशी तिलाही सोबत न्या. योग्य श्रवणयंत्र मिळाले तर नातवंडाचे बोबडे बोल तिला स्पष्ट ऐकता येतील.

मावशीला कळवण्याबाबत माझे मत ठाम आहे. ती आणि तुमची आई एकाच आईच्या मुली असतील, तर मावशीत आणि तिच्या तिन्ही मुलांत हा बदल असण्याची दाट शक्यता आहे. तिच्या मुलींची मुलेही त्यात आली. मुलाची मुले आली नाहीत. तुम्हाला सख्खा मामा असेल तर त्याने स्वतःसाठी ही औषधे टाळावीत, त्याच्या मुलांना काळजी नाही. यांपैकी कोणालाही क्षयरोगाचे उपचार चालू असतील तर तेथील डॉक्टरांना हा अहवाल लगेच दाखवा, कारण क्षयाचे नेहमीचे उपचार आज गोळ्यांनीच होत असले तरी औषधांना न जुमानणाऱ्या क्षयात अमिकासिन वापरण्याची वेळ येऊ शकते. हे फोनवर सांगून भागणार नाही, ऐकणाऱ्याच्या लक्षात औषधांची नावे राहत नाहीत. अहवालाची प्रत आणि वर दिलेला लाल शाईचा मजकूर घेऊन तुमच्या वडिलांनी किंवा भावाने जतला जावे आणि मावशीच्या मुलींपैकी कोणी सीमेपलीकडे कर्नाटकात दिलेली असेल, तर तिच्यासाठी तोच मजकूर इंग्रजीत लिहून द्यावा.